न केलेली प्रार्थना

नवरात्र आठवड्यावर आलं की बेळगावात रताळ्यांचे ढीग लागतात. उचगावकडच्या लाल मातीतली, शेंड्याला चीक सुकलेली, हातात घेतली की बोटांच्या पेरांत माती जाऊन बसते अशी. पहिल्या रेल्वे गेटाच्या अलीकडं गोणपाट अंथरून एक आक्का बसते, तिच्याकडून मी गेली सात-आठ वर्षं भाजी घेते. त्या दिवशी तिनं किलोभर रताळी तोलून पिशवीत टाकली, वर आणखी दोन थोराड घातली आणि मी पर्स उघडली तसा माझा हातच धरला. "ऱ्हाऊ द्या टीचर, पैशे नकोत. तुमची प्रार्थना पावली बघा. पोरगं घरात आलं की." कुठलं पोरगं, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. तो बाहेर पडला नाही, कारण तिचा चेहरा. मग हळूहळू उजेड पडला. श्रावणातली गोष्ट. पाऊस खास बेळगावी, म्हणजे थांबतही नव्हता आणि पडतोय असंही म्हणवत नव्हतं. ती पदरानं नाक पुसत म्हणाली होती, "लेकीच्या पोराचं आप्रेशन हाय, छातीतलं. सात वर्साचं हाय. डाक्टर समजावून सांगतोय खरं, मला काय कळत न्हाई." आणि मी छत्री उघडता उघडता म्हणाले होते, "मी प्रार्थना करते हं." समोरून रिक्षा आली, मी हात केला, बसले. त्या रात्री प्रार्थना केली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. कोथिंबिरीची जुडी आठवणीनं फ्रिजमध्ये ठेवली. मुलगा रिक्षातच राहिला.

आणि आता ती माझा हात धरून उभी होती. मी काय म्हणावं? "देव चांगला आहे," म्हणाले. वाक्य खोटं नव्हतं. माझ्या तोंडी मात्र ते चोरीच्या मालासारखं वाटलं.

रताळी तीन दिवस पिशवीतच राहिली.

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याकडच्यांना सांगावं लागतं. 'येतो म्हणाला खरं आला नाही' असं आम्ही बोलतो आणि ऐकणारा पहिल्या तीन शब्दांवरच खूश होऊन बसतो. 'प्रार्थना करते म्हणाले खरं' हे माझं वाक्यही तसंच अर्ध्यावर लटकत होतं. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाच्या जिभेवर हे शब्द फार सहज येतात. इतर लोक 'या एकदा घरी' म्हणतात, तसं आम्ही 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हणतो. ना बोलावणाऱ्यानं चहा टाकलेला असतो, ना आम्ही गुडघे टेकलेले असतात. आता तर मोबाइलवर मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, ग्रुप आहे. कुणी लिहितं, 'वडील आयसीयूत आहेत, प्रार्थना करा.' दोन मिनिटांत चाळीस जोडलेले हात येतात. मीही पाठवते. भाजीला फोडणी देता देता, डाव्या अंगठ्यानं. त्या हातांमागं किती ओठ हलले असतील याचा हिशेब कुणी मागत नाही, म्हणून बरं चाललंय.

आजीनं मागितला असता.

आजी खानापूरची. घर कौलारू, आणि खानापूरचा पाऊस म्हणजे चार महिने त्या कौलांवर कुणी जोंधळे ओतत बसल्यासारखा. पहाटे चारला ती उठायची. चूल पेटवायच्या आधी, अंधारातच, भिंतीला पाठ न टेकता बसायची आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घ्यायची, इतका की आतलं तोंड दिसू नये. लहानपणी मला वाटायचं ती पदराच्या आत कुठंतरी जाते. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा मूळपुरुष जॉन वेस्ली, त्याची आई सुझाना एकोणीस बाळंतपणांच्या धबडग्यात एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसायची आणि पोरांना ती खूण कळायची, असं सांगतात. हे मी शिक्षिका झाल्यावर वाचलं आणि एकटीच हसले. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीनं १८२० मध्ये काम सुरू केलं, ते १९०४ मध्ये मेथडिस्टांच्या हाती आलं, या सगळ्या उलाढालीत तो एप्रन पदर होऊन खानापूरच्या चुलीपर्यंत पोचला असावा. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की बाईमाणसाला दार लावून बसायची खोली नसते. 'आपल्या खोलीत जा व दार लावून घे' असं प्रभूनं म्हटलंय. ज्याला खोली नाही त्यानं काय करावं, ते तिनं पदरावर भागवलं होतं.

तिच्याकडं एक वही होती. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू कापून, गोधडीच्या जाड दोऱ्यानं शिवलेली. तिच्यात नावं. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर मोठं मोठं आणि प्रत्येक अक्षराला स्वतंत्र बळ लावलेलं. पान उलटं केलं की मागून बोटाला उठाव लागायचा. उजेड झाला की ती वही मांडीवर घ्यायची आणि एकेका नावावर तर्जनी ठेवून पुटपुटायची. बोट ठेवल्याशिवाय पुढं जायची नाही. कुणी हाक मारली आणि बोट निसटलं, तर त्या पानाची पुन्हा सुरुवात. तापानं पडली तर बरी झाल्यावर म्हणायची, "काल खाडा झाला, आज दोनदा." दूधवाल्याचा असतो तो खाडा. गेलेल्या माणसांची नावं तिनं कधी खोडली नाहीत, खाली बारीक रेघ ओढायची. एकदा मी त्या वहीत 'म्हैस' वाचली. शेजारच्या घरची म्हैस आटली होती. आजोबांना कळलं तेव्हा ते जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले. "म्हशीसाठी प्रभूला पहाटे उठवतेस होय गं?" आजी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दूध कुणाच्या पोरांच्या पोटात जातं?" त्यावर आजोबांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं आजही नाही.

ही वहीची सवय पणजीकडून आलेली असणार. पणजी दुष्काळात पोरकी होऊन केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. ते मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत, रोज एकत्र जमून प्रार्थना करायला कोण कोण येईल असं विचारलं, तेव्हा ७० जणी पुढं आल्या आणि जूनपर्यंत तो आकडा ५०० च्या वर गेला. पणजी पहिल्या ७० मधली की नंतरच्या गर्दीतली, हे आमच्या घरी सोयीनुसार ठरायचं. नातेवाइकांत भांडण असलं की ती पहिल्या ७० मध्ये असायची.

संध्याकाळची प्रार्थना वेगळी. ती सगळ्यांची आणि आम्हा पोरांसाठी शिक्षा. एक गीत, एक शास्त्रभाग, मग बाबांची प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली. कंदील मध्ये. चटईचे वळ गुडघ्यांवर उमटायचे आणि प्रार्थना जितकी लांब तितके ते खोल. पाहुणे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले की ते वळ दुसऱ्या दिवशी शाळेतसुद्धा दिसायचे. घासलेटचा वास, आत शिजत असलेल्या पावट्याचा वास, धाकट्या भावाचे चिमटे. डोळे मिटायचे असा नियम, आणि डोळे उघडे होते हे ज्याला कळलं त्याचेही उघडेच असणार, हा त्या नियमातला कच्चा दुवा आम्ही फार लवकर शोधला होता. उघड्या डोळ्यांच्या त्या दिवसांत मला एक गोष्ट दिसली, जी कदाचित मिटलेल्या डोळ्यांना कधीच दिसली नसती.

बाबा एका ओळीवर थांबायचे.

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथपर्यंत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. ते वाक्य तर ते पोटातून म्हणायचे, भातशेतीच्या माणसानं म्हणावं तसं. पुढची ओळ, 'आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', आली की त्यांचे ओठ मिटायचे. आई, आजी, आम्ही म्हणत राहायचो. 'आणि आम्हांला परीक्षेत आणू नकोस' पासून ते पुन्हा सामील व्हायचे. रोज. चुकून नव्हे. मोठ्या काकांनी सोसायटीचं कर्ज काढताना बाबांच्या वाटणीचं शेत त्यात अडकवलं होतं आणि बाबा ते अकरा वर्षं फेडत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे त्यांना ती ओळ पाठ नव्हती असं नाही. फार नीट पाठ होती. देवासमोर खोटं बोलायचं नाही एवढी त्यांची श्रद्धा होती आणि भावाला माफ करायचं नाही एवढा त्यांचा राग. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात इतक्या शेजारी शेजारी नांदू शकतात, हे मी नऊ-दहा वर्षांची असताना कंदिलाच्या उजेडात पाहिलं. पुढं काका वारले. बाबा प्रेताला खांदा देऊन आले, आंघोळ केली, संध्याकाळी प्रार्थनेला बसले आणि त्याच ओळीवर पुन्हा थांबले. राग उरला होता, की थांबायची सवयच जडली होती? मी कधी विचारलं नाही. बापाला विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

१९८६ च्या जूनमध्ये आम्ही बेळगावात होतो, कॅम्पात अर्धं घर भाड्यानं घेऊन. उरलेल्या अर्ध्या घरात धारवाडकडचं कन्नड कुटुंब, तेही मंडळीतलंच. मराठी लोकांचं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलेलं, त्या जूनबद्दल इथं मी वेगळं काय सांगू. चर्चला जाणं शक्य नव्हतं त्या रविवारी मागच्या दारानं शेजारी आमच्याकडं आले. मधल्या खोलीत दोन घरं, खिडक्या लावलेल्या, बाहेर अधूनमधून पोलिसांच्या जीपचा आवाज. आदल्या आठवड्यापर्यंत आईची आणि शेजारच्या मावशींची वाटीभर साखरेची देवघेव होती. त्या आठवड्यात ती आपोआप थांबलेली. गीत कुठल्या भाषेत घ्यायचं यावर कुणी काही बोलेना, म्हणून गीत घेतलंच नाही. मग प्रभूची प्रार्थना. आम्ही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', ते 'परलोकदल्लिरुव नम्म तंदेये'. सुरुवातीला बाबांनी आवाज थोडा चढवला, शेजारच्या काकांनीही चढवला. खोटं कशाला बोलू, मीही चढवला. भाकरीपाशी दोन्ही बाजू एकत्र आल्या. आमची 'भाकर', त्यांचा 'आहार'. आणि मग ती ओळ. बाबा नेहमीप्रमाणं गप्प झाले. त्यांच्या आवाजाचा आधार गेला तसा आमचाही दबला, आणि खोलीत काही क्षण एकटं कन्नडच उरलं. 'नम्म तप्पुगळन्नु क्षमिसु.'

मी शाळेत कन्नड शिकलेली होते, तरी त्यांच्या प्रार्थनेत या जागी 'तप्पु' आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. तप्पु म्हणजे चूक. आमच्या चुकांची क्षमा कर. आणि आमच्याकडं ऋण. बायबलात ही प्रार्थना देणाऱ्या मत्तयानं मूळ ग्रीकमध्येही कर्जाचाच शब्द वापरलाय म्हणे, तेव्हा मराठी भाषांतरकारांनी काही जास्तीचं घातलेलं नाही. तरी दोन शब्दांत फरक पडतोच. चूक होऊन गेलेली असते. कर्ज चालू असतं, त्याला तारखा असतात, सोसायटीचा माणूस दारात येऊन उभा राहतो. बाबांच्या प्रार्थनेत 'तप्पु' असता तर ते कदाचित थांबलेही नसते. (बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी जन्म घालवणाऱ्या रमाबाई स्वतः जन्मल्या १८५८ मध्ये, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. सीमाभागातल्या माणसानं यावरून कुठल्या बाजूनं भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) त्या दिवशी 'आमेन' झालं, आणि तो शब्द दोन्हीकडं एकच असल्यामुळं एकदम झाला. शेजारच्या मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून आईला म्हणाल्या, "साखर हाय काय?"

चर्चमधल्या प्रार्थनांबद्दल मी फार भक्तिभावानं लिहू शकणार नाही. तिथं एक जण उठतो आणि देवाला बातम्या देतो. 'हे प्रभू, तुला माहीतच आहे की गेल्या मंगळवारी पाण्याची पाइप फुटली.' दुसऱ्याची प्रार्थना खजिनदाराच्या कानांसाठी असते: 'ज्यांच्या हाती तुझा पैसा आहे त्यांना तू प्रामाणिक बुद्धी दे.' यावर खजिनदाराचं 'आमेन' सगळ्यांत मोठं. एक वृद्ध भगिनी स्त्रियांच्या सभेत प्रार्थनेतूनच सुनेला सुनवायच्या. सून शेजारीच गुडघ्यांवर, उत्तर द्यायची सोय नाही. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या स्त्रियांचा प्रार्थनादिन असतो, त्या वर्षी ज्या देशाच्या बायकांनी उपासना लिहिलेली असते त्या देशाचं नाव निम्म्या जणींना उच्चारता येत नाही, पण त्या देशातल्या पुरासाठी, लढाईसाठी प्रार्थना मात्र मन लावून होते. मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं आणि आवडायचंही. 'व्यर्थ बडबड करू नका' असं येशूनं सांगितलंय, आम्ही ते वाचतो आणि मग वीस मिनिटं बोलतो. माणसं ज्याच्याशी मोकळी असतात त्याच्यासमोरच इतकं पाल्हाळ लावतात, असंही असेल.

आई गेली त्याला चौदा वर्षं झाली. शेवटचे एकोणीस दिवस ती दवाखान्यात होती. मंडळीनं साखळी प्रार्थना लावली, रात्रीचे दोन ते तीन अशा वेळा लोकांनी वाटून घेतल्या, आणि त्या वेळा त्यांनी पाळल्या हे मला ठाऊक आहे, कारण त्या वेळी फोन यायचे. मी इतकी प्रार्थना आयुष्यात कधी केली नव्हती. लिफ्टमध्ये, औषधांच्या रांगेत, बिलाच्या खिडकीपाशी. वाक्यं संपली तेव्हा नुसतं 'आई' म्हणायचे, कुणाला उद्देशून ते मलाही कळेना. शेजारच्या त्याच मावशी, आता साठीच्या पुढं गेलेल्या, रोज संध्याकाळी यायच्या आणि आईचा हात धरून कन्नडमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणायच्या. आईला कन्नड बेतास बात, बाजारापुरतं. पण मावशी 'परलोकदल्लिरुव' म्हणू लागल्या की आईचे ओठ हलायचे. आवाज नाही. मी कान नेला तोंडाजवळ, तरी नाही. बायबलातल्या पहिल्या शमुवेलात हन्ना अशीच मंदिरात प्रार्थना करते, ओठ हलतात आणि शब्द ऐकू येत नाही, आणि एली याजकाला वाटतं बाई प्यायलेली आहे. मी ओठांकडं बघत बसायचे आणि मराठीतल्या ओळी जुळवून पाहायचे. आता भाकर. आता ऋण. त्या ओळीवर आई थांबायची नाही, एवढं मला दिसलं.

ती गेली. एकोणिसाव्या दिवशी, पहाटे.

पाळक भेटायला आले. येशूला धरून नेलं त्या रात्रीची, गेथशेमाने बागेतली गोष्ट सांगितली, 'होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो' हे मागणं प्रत्यक्ष येशूचंही पुरं झालं नाही म्हणाले. भला माणूस, मनापासून बोलला. मला तेव्हा ते ऐकायचं नव्हतं. येशूला तिसऱ्या दिवशी उठता आलं, असं काहीतरी मी मनात म्हटलं आणि चहा आणायला आत गेले. त्यानंतर मी चर्च सोडलं नाही. गीतं म्हटली, दशांश दिला, नाताळच्या करंज्या तळल्या. फक्त प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटणं बंद झालं. मोठेपणी उघड्या डोळ्यांनी बसलं की लहानपणापेक्षा बरंच काही दिसतं. पंख्याच्या दांडीवर बसलेली पाल. झोपलेले निवृत्त पोस्टमास्तर. चप्पल काढून पाय चोळणारी नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली. एखादं पोर माझ्याकडं बघत असायचं आणि आम्हा दोघांनाही एकमेकांचं गुपित कळलेलं असायचं. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की मी रागावलेली नाही. राग नव्हताच, दूध आटतं तसं आटलं होतं. 'प्रार्थना करते हं' हे शब्द तेवढे उरले, रिकाम्या दुधाच्या पातेल्याला चिकटलेल्या सायीसारखे, आणि ते मी सगळ्यांना वाटत सुटले होते. आक्कालाही त्यातलेच दिले.

तर, रताळी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांतली दोन उकडली. साल काढताना वाफ बोटांना लागत होती आणि मला आजीचं बोट आठवलं. खाडा झाला, आज दोनदा. दोनदा काय, दीड-दोन महिन्यांचा खाडा होता. म्हटलं, बसू या. गुडघे आता ऐकत नाहीत, खुर्चीतच बसले. डोळे मिटले, चौदा वर्षांनी स्वतःहून. पदर नव्हता, मी पंजाबी ड्रेस घालते, ओढणी खुंटीवर; उठून ओढणी घेतली, मग स्वतःचंच हसू आलं, तरी घेतली. आणि सुरुवातच होईना. 'हे प्रभू, त्या...' त्या कुणाला? आक्काच्या लेकीच्या मुलाला. लेकीचं नाव माहीत नाही, मुलाचं माहीत नाही, आक्काचंही नाही. सात-आठ वर्षं मी तिला आक्का म्हणतेय आणि ती मला टीचर. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपली बाजू मांडतो, असं बायबलात प्रेषित पौल रोमकरांना लिहितो. लिहितो खरं. देवाला पत्ता सांगावा लागत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण बोट कुठं ठेवायचं? एवढा वेळ जी गोष्ट टोचत होती ती ही होती. विसरले हे वाईटच. पण नाव न विचारता कबूल केलं, म्हणजे करायचंच नव्हतं. सोसायटीनं असं बिननावाचं कर्ज कधी दिलं असतं का?

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेऊन गेटापाशी गेले. शाळेत मिळालेली, पुठ्ठ्याच्या कव्हराची, पहिल्या चार पानांवर कुठल्यातरी वर्गाची गळतीची यादी. आक्का नुकतीच पहिल्या बसनं आली होती, गोणपाट झटकत होती. सकाळची वेळ, गेट पडलेलं, मालगाडी सावकाश चाललेली, दोन्ही बाजूंना दुचाकींची घरघर. अशा गोंगाटात कबुली द्यायला सोपं जातं. "आक्का," मी म्हटलं, "मी त्या वेळी प्रार्थना केली नव्हती. विसरले मी."

तिनं गोणपाट अंथरलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले. "न्हाई केलीसा?"

"नाही."

"मग कुणी केली?" ती खरंच विचारात पडली. मग मान हलवली. "केली असंल कुणी तरी. मी सौंदत्तीला जाऊन आले, तुमच्याकडं बोलले, दर्ग्यात बी एक नारळ दिलाय. ऱ्हातंय व्हय कुणाचं."

मी खाली बसले. पेन काढलं. "त्याचं नाव काय?"

तिनं सांगितलं. ते इथं देत नाही, वहीत आहे. आईचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. तिचं स्वतःचं विचारलं तेव्हा मात्र लाजली, नवऱ्याचं नाव घ्यायला लावल्यासारखी, आणि हळूच सांगितलं. गेट उघडलं, गर्दी पुढं सरकली. मी वही मिटणार इतक्यात ती म्हणाली, "आन् लिव्हतायसा तर..." तिच्या थोरल्या बहिणीचा गुडघा, चिकोडीला असते. पुतण्याला नोकरी नाही. शेजारणीची लेक नांदत नाही. मी लिहीत गेले, ती वाटे लावत सांगत गेली, मधेच एका गिऱ्हाइकाला मेथी दिली, सुटे पैसे कनवटीतून काढले, पुन्हा सांगू लागली. "आन् बैल. डावीकडचा. लंगडतोय."

"त्याला नाव आहे?"

"हाय की!"

तेही लिहिलं. तिनं माझ्या हातातून वही ओढून घेतली. वाचता येत नाही तिला. मातीनं माखलेली तर्जनी शेवटच्या ओळीवर टेकवली. "ह्यो कोण?"

"तो बैल."

"आन् पोरगं?"

मी तिचं बोट धरून वरच्या ओळीवर नेलं. ती थोडा वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिली. बोट उचललं तेव्हा नावाच्या कडेला लाल डाग उमटला होता.

"मोठ्ठं लिव्हा की जरा," ती म्हणाली.